दुकानाची वेबसाइट कानांनी तपासा : एनव्हीडीए स्क्रीन रीडरचं परीक्षण

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा फुकट स्क्रीन रीडर. पडद्यावर जे आहे ते तो बोलून दाखवतो आणि माउसला हात न लावता फक्त कीबोर्डवर सगळं काम करू देतो. अंध वापरकर्त्यांना हे परीक्षण वाचायची गरज नाही, त्यांना हे सॉफ्टवेअर कुठल्याही परीक्षकापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हे लिहिलंय दुकानदार, हॉटेलवाले, क्लासवाले, दवाखाने, पतसंस्था अशा मंडळींसाठी. म्हणजे ज्यांनी कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली, ती दिसायला झकास आहे म्हणून समाधान मानलं आणि जिच्यावर अंध गिऱ्हाईक ऑर्डर देऊ शकतं की नाही हे कधी पाहिलंच नाही.

निकाल आधीच सांगतो. वेबसाइट बनवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी एक दुपार काढून एनव्हीडीएवर स्वतःच्याच दुकानातून एक वस्तू मागवून बघा. साइटवरून कोण रिकाम्या हाताने परत जातंय हे कळायला याहून स्वस्त उपाय बाजारात नाही. साधनात उणिवा आहेत, मराठीच्या बाबतीत तर ठळक आहेत. त्या पुढे येतीलच.

ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये याची सुरुवात केली, मग जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्या जोडीला आला. त्या काळी स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर कधीकधी संगणकापेक्षा जास्त पैसे मोजावे लागत. एनव्हीडीए मुक्त स्रोत आहे, देणगीवर चालतो आणि बाजारातल्या जॉज या महागड्या स्क्रीन रीडरच्या तोडीस तोड वापरला जातो. वेबएम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ४०.५% लोकांनी जॉजला आपला मुख्य स्क्रीन रीडर म्हटलं, तर ३७.७% लोकांनी एनव्हीडीएला. तेव्हा यावर तपासणं म्हणजे नुसती प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. गिऱ्हाइकाच्या संगणकावर अनेकदा हेच असतं.

बसवणं

एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेस या संस्थेच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि चालवा. दोन पर्याय येतात, कायमचं इन्स्टॉल करणं किंवा पेन ड्राइव्हवर पोर्टेबल प्रत करणं. ऑफिसच्या संगणकावर ॲडमिनचे हक्क नसतील तर दुसरा पर्याय घ्या. सुरू होताच तो बोलायला लागतो आणि निम्मे लोक इथेच घाबरून बंद करतात. म्हणून आधी तीन कळा पाठ करा. कंट्रोल दाबली की तो गप्प बसतो. इन्सर्ट आणि क्यू दाबून मग एंटर दाबलं की बंद होतो. इन्स्टॉल केलेला असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबलं की पुन्हा सुरू होतो. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट अडचणीच्या जागी असते, तिथे सुरुवातीच्या खिडकीतच कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ करायच्या चौकटीत खूण करून टाका.

मग इन्सर्ट-एन ने मेन्यू उघडून टूल्समधला स्पीच व्ह्यूअर चालू करा. जे बोललं जातंय ते एका छोट्या खिडकीत लिहूनही येतं. नवख्या कानांना संगणकी आवाज कळत नाही, तेव्हा याचा मोठा आधार होतो. शिवाय डेव्हलपरला पुरावा म्हणून तो मजकूर जसाच्या तसा चिकटवता येतो.

आता नेहमीची चूक. लोक डोळे उघडे ठेवून, माउस फिरवत एनव्हीडीए ऐकतात आणि ‘वाचतंय की सगळं’ म्हणतात. ही तपासणीच नव्हे. डोळे नकळत पुढचं बटण शोधून ठेवतात. सेटिंग्जमध्ये स्क्रीन कर्टन आहे, त्याने पडदा पूर्ण काळा होतो. माउस बाजूला काढून ठेवा. साइटची ओळख करून घेताना पडदा उघडा असला तरी चालेल, खरी ऑर्डर मात्र काळ्या पडद्यावरच द्या.

एक ऑर्डर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा पैठण्या विकणारं एखादं ऑनलाइन दुकान आहे. पान उघडलं की एच दाबत जा. दर वेळी पुढचं शीर्षक ऐकू यायला हवं. अंध वापरकर्ता पान वरून खाली ऐकत बसत नाही, शीर्षकांवरून उड्या मारतो. डिझायनरने अक्षरं मोठी आणि ठळक केली, पण हेडिंगचा टॅग (हे शीर्षक आहे असं सांगणारी कोडमधली खूण) दिलाच नाही, तर एनव्हीडीएला तिथे शीर्षक सापडत नाही आणि ‘नो नेक्स्ट हेडिंग’ ऐकू येतं. इन्सर्ट-एफ ७ दाबलं की पानावरचे सगळे दुवे, शीर्षकं, बटणं यांची यादी उघडते. त्या यादीत ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ असं ओळीने दिसलं तर कुठलं ‘अधिक’ कशाबद्दल आहे हे कुणालाच कळणार नाही. ‘येवला पैठणीबद्दल अधिक’ एवढं लिहिलं तरी प्रश्न मिटतो.

पुढे फोटो. कपड्यांच्या दुकानात सगळी विक्री फोटोवर होते, म्हणून इथे जरा थांबतो. फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे त्याचं शब्दांतलं वर्णन, नसेल तर एनव्हीडीए एकतर तो गाळतो किंवा ‘अनलेबल्ड ग्राफिक’ म्हणतो. फोटोवर दुवा असेल तर फाइलचं नाव किंवा पत्त्याचा तुकडा वाचतो आणि मग ‘आयएमजी अंडरस्कोर २०२४०३’ अशी अक्षरांची माळ ऐकू येते. घाईत एजन्सीवाले सगळ्या फोटोंना ‘साडी’ असा एकच ऑल्ट देऊन मोकळे होतात. तांत्रिक तपासणीत तो पास होतो, गिऱ्हाइकाला मात्र काही कळत नाही. ‘मोरपंखी निळी पैठणी, सोनेरी नारळी काठ, पदरावर चार मोर’ असं लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्यात विकणाऱ्याचं ज्ञान आहे, ते डेव्हलपरकडून येणार नाही. म्हणून हे काम काउंटरवरच्या माणसाला द्या. तेच शब्द सर्च इंजिनलाही उपयोगी पडतात, हा वरचा फायदा. उलट निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीचा ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवावा. नाहीतर प्रत्येक ओळीआधी ‘ग्राफिक’ ऐकून माणूस वैतागतो.

किंमत. जुनी किंमत खोडून शेजारी नवी लिहिणं ही आपल्याकडची आवडती रीत. ती खोडरेघ फक्त सीएसएसने (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडने) मारलेली असेल तर एनव्हीडीए मूळ सेटिंगवर तिचा उल्लेखही करत नाही. ऐकणाऱ्याला ‘१२,००० रुपये ९,५०० रुपये’ एवढंच कळतं. दोन्हीची बेरीज करायची का? नजरेला न दिसणारा पण स्क्रीन रीडरला ऐकू जाणारा मजकूर घालता येतो. ‘मूळ किंमत’ आणि ‘सवलतीची किंमत’ हे शब्द तसे घातले की झालं. रंग निवडायच्या गोल ठिपक्यांचंही तेच. ठिपक्याला नाव नसेल तर ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं.

मग ‘कार्टमध्ये टाका’. बी दाबत जा. एकही बटण सापडलं नाही, पण बाणाने पुढे गेल्यावर ‘क्लिकेबल’ असं काहीतरी ऐकू आलं, तर डेव्हलपरने बटणाच्या जागी साधा डिव्ह टॅग, म्हणजे नुसती चौकोनी जागा, रंगवून ठेवलाय. इथे एनव्हीडीए फसवतो. त्याच्या पान वाचायच्या ब्राउझ मोडमध्ये एंटर दाबलं की तो स्वतःच माउसची क्लिक पाठवतो, म्हणून नकली बटणही चालतं. पण हाताला कंप असणारा, माउस धरू न शकणारा आणि स्क्रीन रीडर न वापरणारा माणूस नुसत्या टॅबने त्या बटणापर्यंत पोचतच नाही. म्हणून सगळी ऑर्डर दुसऱ्यांदा, एनव्हीडीए बंद करून, फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांवर करून बघा. हीच फेरी बहुतेक जण गाळतात. त्यात आणखी एक खोड उघडी पडते. टॅब कुठे आहे हे दाखवणारी चौकट ‘दिसायला वाईट’ म्हणून काढून टाकलेली असते, त्यामुळे आपण पानावर कुठे आहोत हेच कळत नाही.

वस्तू कार्टमध्ये गेली हे कोपऱ्यात दोन सेकंद चमकणाऱ्या हिरव्या पट्टीने सांगितलं जातं. एनव्हीडीए त्यावर मौन. ती पट्टी एरिया-लाइव्ह (बदल झाला की आपोआप बोलून दाखवा, असं सांगणारी कोडमधली खूण) म्हणून जाहीर केली आणि तिला ‘पोलाइट’ ठेवलं, की चालू वाक्य संपल्यावर ती बोलली जाते. ही खरोखर एका ओळीची दुरुस्ती आहे. ती नसेल तर माणूस तेच बटण तीनदा दाबतो, तीन पैठण्या कार्टमध्ये जातात आणि नंतर ‘ऑर्डर रद्द’ची डोकेदुखी दुकानाच्याच माथी येते.

मध्येच ‘पहिल्या खरेदीवर १०% सूट’ची खिडकी उसळते. फोकस, म्हणजे कीबोर्डची सध्याची जागा, तिच्यात गेला नाही तर एनव्हीडीए मागचंच पान वाचत राहतो आणि वर काहीतरी उघडलंय याचा पत्ता लागत नाही. बंद करायची खूण गुणिले चिन्हाने केलेली असते, एनव्हीडीए ती ‘टाइम्स बटन’ अशी वाचतो. तिला ‘बंद करा’ हे नाव द्या, एस्केपने बंद होऊ द्या, बंद झाल्यावर फोकस होता तिथे परत ठेवा. खरं तर ती खिडकीच काढून टाकली तर डोळस गिऱ्हाईकही आभार मानेल.

पत्त्याचा फॉर्म हा सगळ्यात मोठा अडथळा. एफ दाबत जा. प्रत्येक चौकटीला ‘पिनकोड, एडिट, रिक्वायर्ड’ असं काहीतरी ऐकू यायला हवं. नुसतं ‘एडिट, ब्लँक’ आलं तर लेबल जोडलेलं नाही. चौकटीच्या आत फिकट अक्षरात लिहिलेल्या सूचनेला ब्राउझर नाव म्हणून चालवून घेतो, त्यामुळे एनव्हीडीएवर सगळं ठीक वाटतं. पण टाइप करायला लागलं की ती सूचना पुसली जाते आणि विसरभोळेपणाचा किंवा कमी दृष्टीचा त्रास असलेल्या माणसाला आपण काय भरत होतो ते कळत नाही. चूक झाल्यावर नुसती लाल किनार नको. ‘पिनकोड ६ अंकी हवा’ हे शब्दांत लिहा, ते त्या चौकटीला जोडा आणि फोकस पहिल्या चुकीवर न्या.

ओटीपीसाठी सहा वेगवेगळ्या चौकटी करायची फॅशन आहे. एनव्हीडीएवर त्या सहा अनोळखी चौकटी होतात आणि पेस्ट केलेला अंक पहिलीतच अडकतो. एकच चौकट, कमाल सहा अंक, पेस्टला परवानगी, हे सगळ्यांच्याच सोयीचं. ३० सेकंदांची मुदत तर स्क्रीन रीडरवाल्यावर अन्यायच आहे. फोनवरचा मेसेज ऐकायचा, अंक लक्षात ठेवायचे, परत ब्राउझरमध्ये येऊन चौकट शोधायची, हे ३० सेकंदांत होत नाही. वाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा असेल तर विषयच संपला. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सुगम करायच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २.२ आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, लॉगिनसाठी असं कोडं एकमेव मार्ग म्हणून ठेवायला मनाई आहे. पैसे भरायचं पान तुमचं नसतं, पेमेंट गेटवेचं असतं. पण गेटवे निवडता तुम्हीच. करार करण्याआधी त्यांच्याकडे ॲक्सेसिबिलिटी अहवाल मागा. आणि तो बाजूला ठेवून एक रुपयाचा व्यवहार काळ्या पडद्यावर स्वतः करून बघा.

मराठीचं दुखणं

इथे एनव्हीडीएला पूर्ण गुण देता येत नाहीत. त्याच्याबरोबर येणाऱ्या ई-स्पीक एनजी या वाचकात मराठी आवाज आहे, पण तो यंत्रमानवासारखा बोलतो. सरावलेले वापरकर्ते तो अफाट वेगाने ऐकतात आणि त्यांना तोच आवडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या दुकानदाराला मात्र जोडाक्षरं कळायला वेळ लागेल. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस दाबून आवाजाचं इंजिन बदलता येतं, तपासणीसाठी तिथे ई-स्पीक एनजी निवडा. भाषा आपोआप बदलायची सोय मूळ सेटिंगमध्ये चालूच असते.

ही सोय चालण्यासाठी पानाने आपली भाषा सांगायला हवी. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’, म्हणजे भाषेची नोंद, ‘एमआर’ असली की मराठी आवाज लागतो. तयार इंग्रजी टेम्प्लेट घेऊन त्यात मराठी मजकूर ओतलेला असतो, तिथे ‘लँग’ इंग्रजीच राहिलेली असते. मग इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो किंवा ती सरळ गिळून टाकतो. ‘एचआय’ ठेवलं तर हिंदी आवाज मराठी वाचतो. मजकूर समजतो, पण ‘च’ आणि ‘ज’चे मराठी उच्चार बिघडतात. दोन अक्षरांची ही दुरुस्ती करायला एक पैसाही लागत नाही, तरी ती राहून जाते.

दुसरं दुखणं जुन्या फाँटचं, आणि त्यात एनव्हीडीएचा दोष नाही. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरीचं फक्त चित्र दिसतं. फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलेलं स्क्रीन रीडरला ‘एच के के जे आर’ असं मिळतं. छापखान्यातून आलेली मेन्यूकार्डं, पतसंस्थेचे अर्ज, गृहनिर्माण सोसायटीच्या नोटिसा पीडीएफ करून जशाच्या तशा साइटवर चढवल्या जातात आणि त्या सगळ्या अशाच निघतात. तपासायची सोपी युक्ती आहे. पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर ठीक, इंग्रजी कचरा दिसला तर तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा करायला हवा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरांत चुका राहतात, तेव्हा नजरेखालून घालणं आलंच.

तिसरं, फोटोतला मजकूर. देवगड हापूसच्या पेटीचं दरपत्रक, क्लासचं वेळापत्रक, थाळीचा मेन्यू हे सगळं व्हॉट्सॲपवर आणि साइटवर एकाच रंगीत चित्रात जातं. एनव्हीडीएत इन्सर्ट-आर दाबून विंडोजच्या ओसीआरने चित्रातलं वाचून घेता येतं, पण मराठी अक्षरांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. चित्राखाली तोच मजकूर टाइप करून टाका. पेटी किती डझनाची, भाव काय, घरपोच कुठवर, एवढं पुरतं.

फोनवर काय

मराठी गिऱ्हाईक बहुतांशी अँड्रॉइड फोनवर असतं आणि तिथे एनव्हीडीए नाही, टॉकबॅक आहे. ते सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत मिळतं आणि गूगलच्या वाचकात मराठी आवाजही आहे. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टॅप केलं की निवड, दोन बोटांनी सरकवलं की पान हलतं. सुरू करण्याआधी दोन्ही व्हॉल्यूम कळांचा शॉर्टकट लावून ठेवा, नाहीतर बंद करताना फजिती होते. ॲपमधल्या चिन्हांना वर्णन दिलेलं नसेल तर ‘अनलेबल्ड’ ऐकू येतं. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बनवायच्या साधनांत केलेल्या ॲपमध्ये डेव्हलपरने ही नावं मुद्दाम लिहावी लागतात, आपोआप येत नाहीत. वेबसाइट एनव्हीडीएवर पास झाली म्हणजे ॲप पास झालं, असं धरून चालू नका.

एनव्हीडीए जे सांगत नाही

अक्षरांचा फिकेपणा त्याला दिसत नाही. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं सध्या फार चालतात. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण निदान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतं. ७६७६७६ या कोडचा राखाडी पांढऱ्यावर जेमतेम पास होतो, ९९९९९९ चा २.८५ वर नापास. शुद्ध लाल पांढऱ्यावर ४ च्या आसपास अडकतो, म्हणजे लाल अक्षरातली ‘चूक झाली’ ही सूचनाच नियमात बसत नाही. वेबएमने २०२५ मध्ये १० लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासली. त्यातल्या ९४.८% पानांवर दोष निघाले आणि सगळ्यात जास्त, ७९.१% पानांवर, दोष याच फिकेपणाचा होता. मोतीबिंदू झालेले आजोबा आणि भर उन्हात रस्त्यावर फोन बघणारा डिलिव्हरीवाला, दोघांनाही हेच नडतं.

बटणांचा आकारही तो सांगणार नाही. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे, अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी, ॲपलची ४४ पॉइंट. कंप असलेल्या हाताला २४ कमीच पडतात, ४८ धरून चाला. कर्णबधिरांसाठी तर एनव्हीडीएचा काहीच उपयोग नाही. त्यांच्यासाठी व्हिडिओत बोललेलं लिहून दाखवणाऱ्या ओळी (कॅप्शन) आणि तक्रारीसाठी फोनखेरीज चॅट किंवा ईमेल, एवढं आधी बघा. ‘ऑर्डर पक्की करायला आमचा माणूस फोन करेल’ ही सोय त्यांच्यासाठी बंद दार आहे.

क्रोममधल्या लाइटहाउस या आपोआप तपासणाऱ्या साधनाचे गुण दाखवून एजन्सी ‘१०० पैकी १००’ म्हणेल. वर पाहिलेला एकाच शब्दाचा ऑल्ट, न बोलणारी हिरवी पट्टी, फोकस न घेणारी खिडकी, यातलं बरंचसं त्या यंत्राला कळत नाही. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं विजेट बसवून ‘एका ओळीच्या कोडात सगळं सुगम’ असं विकणारेही आहेत. अशा दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावणारा आदेश जाहीर केला. पैसे तिकडे घालवू नका.

कायद्याचं थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खाजगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. कलम ४६ मध्ये सेवा सुगम करायची मुदत आहे. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख. आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२३ मध्ये नियमांत आलं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांची तक्रार ई-केवायसीतल्या ‘डोळे मिचकावा’ या चाचणीबद्दल होती. जे डोळे मिटूच शकत नाहीत त्यांना ‘तुम्ही जिवंत आहात हे दाखवा’ म्हणायचं, असा तो प्रकार. युरोपात माल किंवा सेवा विकणाऱ्यांना २८ जून २०२५ पासून तिकडचा कायदाही लागू झाला, फक्त सेवा देणाऱ्या अगदी छोट्या उद्योगांना त्यात सूट आहे.

दंडाच्या भीतीने काम करणारा कमीत कमी तेवढंच करतो, म्हणून हा मुद्दा शेवटाकडे ठेवला. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. त्यांच्या घरची माणसंही खरेदी करतात. ज्या साइटवर आपल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताने ऑर्डर द्यावी लागते, ती साइट ते लक्षात ठेवतात.

कुणी घ्यावं, कसं वापरावं

पाचपैकी चार. किमतीला, अचूकतेला आणि स्पीच व्ह्यूअरला पैकीच्या पैकी. एक गुण कापला तो मराठी आवाजासाठी आणि नकली बटणं झाकून टाकणाऱ्या त्या एंटरसाठी. पहिला तास कंटाळवाणा जातो, हेही धरून ठेवा.

दुरुस्त्या एकदम होणार नाहीत, तेव्हा आधी पैसे अडवणाऱ्या घ्या. कार्टचं बटण, फॉर्मची लेबलं, ओटीपी आणि पेमेंट पहिल्या आठवड्यात व्हायला हवीत, जुन्या उत्पादनांचे ऑल्ट टेक्स्ट हळूहळू झाले तरी चालतील. नव्या करारात ‘सुगम असावी’ असं मोघम लिहू नका. ‘डब्ल्यूसीएजी २.२, दर्जा एए. क्रोम व फायरफॉक्सवर एनव्हीडीएने आणि फोनवर टॉकबॅकने ऑर्डर शेवटपर्यंत पूर्ण झाली पाहिजे’ असं लिहा आणि शेवटचा हप्ता त्यावर ठेवा.

डोळस माणसाने काळ्या पडद्यावर केलेली तपासणी ही चाळणी आहे, प्रमाणपत्र नाही. रोज स्क्रीन रीडर वापरणारा माणूस वेगळ्या वाटेने जातो, वेगळ्या ठिकाणी अडतो. त्याला बोलवा, वेळेचे पैसे द्या, आणि तो अडला की लगेच ‘डावीकडे बटण आहे’ असं सांगू नका. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र २००३ पासून या क्षेत्रात आहे, तिथे विचारणा करता येईल.

एनव्हीडीएच्या आवृत्त्यांना वर्षाचं नाव असतं आणि दर वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत जुनी ॲड-ऑन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) बंद पडू शकतात. तपासणीच्या संगणकावर ॲड-ऑन घालूच नका. गिऱ्हाइकाकडे ती असतीलच असं नाही, आणि ज्या साइटला चालायला ॲड-ऑन लागतं ती नापासच धरायची.